डेटा सेंटरला वीज द्यायची, पण कोणत्या अटींवर?

कणाद (धागाकर्ता)

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या विजेबद्दल गेली दोन वर्षे मी जमेल तसे वाचतो आहे आणि बहुतेक ठिकाणची चर्चा एकाच आकड्यापाशी अडकून पडलेली दिसते. तो आकडा आधी मांडतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ च्या अहवालानुसार जगभरातील डेटा सेंटरांनी मिळून २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे साधारण ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली आणि ती जगाच्या एकूण वीजवापराच्या जवळपास दीड टक्का भरली. २०३० पर्यंत ही गरज ९४५ टेरावॅट-तासांच्या आसपास पोहोचेल, असा त्यांचा मुख्य अंदाज आहे. यावर एक पक्ष म्हणतो, की दीडचे तीन टक्के झाले तर एवढा गहजब कशासाठी. दुसरा पक्ष म्हणतो, की दुपटीहून अधिक वाढ म्हणजे संकटच. दोघेही वर्षभराच्या बेरजेवर बोलत असतात आणि वीज तर त्या त्या जागी, त्या त्या क्षणी लागते.

आयर्लंडचे उदाहरण घ्या. तिथल्या मोजणी झालेल्या वीजवापरात डेटा सेंटरांचा वाटा २०१५ मध्ये ५ टक्के होता, तो २०२३ मध्ये २१ टक्क्यांवर गेला. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये १७६ टेरावॅट-तास, म्हणजे देशाच्या वापराच्या ४.४ टक्के वीज डेटा सेंटरांनी घेतली आणि २०२८ पर्यंत हा वाटा ६.७ ते १२ टक्क्यांदरम्यान असू शकेल. खालच्या आणि वरच्या अंदाजातले हे अंतर मला मूळ आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण वीजकेंद्र किंवा पारेषण वाहिनी बांधणाऱ्याला इतक्या मोठ्या अनिश्चिततेवर पैसा लावावा लागतो. त्यातही हा भार, म्हणजे विजेची ही मागणी, देशभर पसरलेला नाही. उत्तर व्हर्जिनियातल्या काही तालुक्यांएवढ्या पट्ट्यात तो कमालीचा एकवटलेला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नेमके काय बदलले, तर घनता. जुन्या पद्धतीच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हरचे एक कपाट, म्हणजे रॅक, ५ ते १० किलोवॅट घेत असे. एनव्हिडियाची एच१०० ही एक चिपच ७०० वॅटपर्यंत वीज घेते आणि ७२ चिप एकत्र गुंफलेले त्याच कंपनीचे नवे रॅक १२० किलोवॅटच्या घरात जाते. त्यामुळे पूर्वी जी इमारत १० किंवा २० मेगावॅटची असे, ती आता १०० मेगावॅटची सहज होते, आणि एवढे एक केंद्र वर्षभरात सुमारे एक लाख घरांइतकी वीज वापरते. इमारत दोन वर्षांत उभी राहते. तिला वीज आणणारी उच्चदाबाची वाहिनी मंजुरी, जमीन आणि बांधकाम धरून अनेकदा पाच ते दहा वर्षे घेते, आणि मोठ्या रोहित्रासाठी मागणी नोंदवल्यावर दोन ते चार वर्षे थांबावे लागते. खरी ओढाताण या वेळापत्रकांमधली आहे.

मला असे वाटू लागले आहे, की वीज पुरेल का या प्रश्नाआधी ती कोणत्या अटींवर द्यायची हे ठरायला हवे. भार कसा वागेल, अडचणीच्या वेळी तो मागे सरेल का, म्हणजे वापर तात्पुरता कमी करेल का, आणि त्याच्यासाठी बांधलेल्या यंत्रणेचा खर्च कोण उचलेल, या तीन गोष्टी जोडणीच्या करारातच लिहिल्या गेल्या पाहिजेत. वीजक्षेत्रात किंवा संगणकक्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांनी यावर लिहावे, ही विनंती.

रोहित्र

कणाद, धागा वेळेवर काढलात. मी एका भार प्रेषण केंद्रात, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा सतत जुळवणाऱ्या नियंत्रण कक्षात, बरीच वर्षे पाळीत काम केले आहे, त्यामुळे तुमच्या तीन मुद्द्यांपैकी पहिल्यावर लिहितो.

नियंत्रण कक्षात बसणाऱ्याला वर्षाचे युनिट दिसत नाहीत. त्याच्यासमोर वारंवारतेचा (फ्रिक्वेन्सीचा) आकडा असतो आणि शेजारी फोन असतो. आकडा खाली आला तर मागणी जास्त, वर गेला तर पुरवठा जास्त, आणि दोन्ही बाजूंनी त्याला फार थोडी मोकळीक असते. आमच्या भागात पोलादाच्या काही मोठ्या विद्युत भट्ट्या होत्या. भट्टी पेटवण्याआधी तिथला पाळीप्रमुख आम्हाला फोन करी, आम्ही हातात किती राखीव क्षमता आहे ते पाहत असू, आणि कधी कधी त्याला वीस मिनिटे थांबायला सांगत असू. तो थांबत असे. भट्टी वीज भरपूर खाणारी होती, पण तिचा स्वभाव आम्हाला ठाऊक होता आणि तिच्याशी बोलता येत होते.

डेटा सेंटरच्या बाबतीत काय होऊ शकते ते १० जुलै २०२४ च्या संध्याकाळी उत्तर व्हर्जिनियात दिसले. ही घटना वीजक्षेत्राबाहेर फारशी कोणाला माहीत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. २३० किलोव्होल्टच्या एका वाहिनीवरचा लायटनिंग अरेस्टर, म्हणजे आकाशातल्या विजेपासून संरक्षण देणारे उपकरण, निकामी झाला. वाहिनीवर दोष आला की संरक्षक यंत्रणा ती तोडते आणि क्षणभराने पुन्हा जोडून पाहते, कारण बहुतेक दोष फांदी घासल्यासारखे क्षणिक असतात. इथे दोष कायमचा होता, त्यामुळे तोडणे-जोडणे होत राहिले आणि ८२ सेकंदांत सहा वेळा व्होल्टेज खाली गेले. प्रत्येक खड्डा सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता होता. घरातले दिवे फार तर लुकलुकले असतील.

परंतु डेटा सेंटरांतले यूपीएस हे खड्डे मोजत होते. अशा यूपीएसमध्ये सर्वसाधारणपणे अशी जुळणी केलेली असते, की मिनिटभरात तीन वेळा व्होल्टेज घसरले तर बाहेरचा पुरवठा भरवशाचा नाही असे समजून सगळा भार आतल्या व्यवस्थेवर न्यायचा आणि माणसाने येऊन परत जोडेपर्यंत तिथेच ठेवायचा. सुमारे ६० केंद्रांत थोड्याफार फरकाने तीच जुळणी होती. परिणामी जवळपास १,५०० मेगावॅट भार एकाच वेळी वीजजाळ्यावरून (ग्रिडवरून) नाहीसा झाला, आणि वीज कंपनीने एकही ग्राहक तोडलेला नसताना हे घडले. मागणी अचानक नाहीशी झाल्यामुळे ६० हर्ट्झवर असायची ती वारंवारता ६०.०४७ पर्यंत चढली, परिसरातले व्होल्टेज वाढले आणि ते खाली आणण्यासाठी चालकांना व्होल्टेज वर ठेवणाऱ्या कपॅसिटर बँका बाहेर काढाव्या लागल्या.

आमची सगळी शिकवण मोठे जनित्र अचानक बंद पडण्यासाठी होती. त्यासाठी किती राखीव क्षमता ठेवायची याचे नियम आहेत. मोठा भार अचानक निघून जाण्यासाठी तशी तयारी कुठेच पुरेशी नाही. त्या संध्याकाळी यंत्रणा सावरली, कारण भार १,५०० मेगावॅटचा होता. त्याच पट्ट्यात याच्या तिप्पट भार याच जुळणीने चालत असेल तर काय होईल, याची मला खरोखर काळजी वाटते. उपाय महागडा नाही. किती खोल आणि किती वेळच्या खड्ड्यात टिकून राहायचे हे पवनचक्क्यांना आणि सौर प्रकल्पांना जोडणीच्या नियमांनी केव्हाच घालून दिले आहे. तोच नियम मोठ्या भाराला लागू करायला हवा आणि यूपीएसची जुळणी वीज कंपनीला दाखवल्याशिवाय जोडणी मिळता कामा नये.

मुक्तछंद

मी दुसऱ्या बाजूचा आहे; कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी प्रारूपे (मॉडेल) प्रशिक्षित करणाऱ्या संगणकसमूहांवर काम करतो. रोहित्र यांनी सांगितलेली घटना बाहेरच्या दोषामुळे घडली, पण आमचा भार आतूनही शांत नसतो.

प्रशिक्षणात हजारो चिप एकाच तालावर चालतात. सगळ्या एकदम गणित करतात, मग सगळ्या थांबून आपापले निकाल एकमेकींना कळवतात आणि पुन्हा गणिताला लागतात. गणित चालू असताना वीज पूर्ण, देवाणघेवाण चालू असताना बरीच कमी. रॅकच्या मागे वीजवाटपाच्या पट्टीवर एक छोटा आकडा चमकत असतो. नवा होतो तेव्हा मी तो बिघडला आहे असे समजलो होतो, कारण तो एका जागी ठरतच नव्हता. मग शेजारच्या रॅकचा पाहिला, त्याच्या पलीकडचा पाहिला, आणि सगळे आकडे एकाच वेळी खाली-वर होत असल्याचे लक्षात आले. मेटाच्या अभियंत्यांनी २०२४ मध्ये लामा ३ या आपल्या प्रारूपाबद्दलच्या शोधनिबंधात लिहिले आहे, की सर्व चिप एकदम थांबल्या किंवा सुरू झाल्या तर केंद्राच्या वापरात क्षणार्धात काही दहा मेगावॅटचे चढउतार होतात.

यावर एक उपाय असा आहे, की देवाणघेवाणीच्या वेळी चिपना निरुपयोगी गणित करायला लावून वापर सपाट ठेवायचा. मला हा उपाय अजिबात पटत नाही. जाळे सांभाळण्यासाठी वीज जाळून टाकणे हे अभियांत्रिकीचे अपयश आहे. रॅकच्या वीजपुरवठ्यातच थोडी ऊर्जा साठवणे किंवा केंद्राच्या दारात मोठ्या बॅटऱ्या ठेवणे हे सरळ उत्तर आहे, आणि अमेरिकेतल्या मेम्फिसमधल्या एक्सएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीच्या केंद्राने भार सपाट करण्यासाठी टेस्लाच्या मेगापॅक बॅटऱ्या वापरल्या आहेत.

मागे सरण्याबद्दल मात्र सर्व कामांना एकाच मापाने मोजू नये. प्रशिक्षण थांबवता येते. कामाची स्थिती ठरावीक अंतराने जतन होतच असते, त्यामुळे दोन तासांनी तिथूनच पुढे जाता येते. वापरकर्त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम थांबवता येत नाही, पण वीज मोकळी असलेल्या दुसऱ्या गावच्या केंद्राकडे वळवता येते. रात्री उशिरापर्यंत चालतील अशी ढीगभर कामे तर कोणालाही न कळता पुढे ढकलता येतात. फिनिक्समध्ये २०२५ साली २५६ चिपच्या एका समूहावर प्रयोग झाला, त्यात महत्त्वाच्या कामांना धक्का न लावता तीन तास वापर २५ टक्क्यांनी कमी ठेवता आला. २५६ चिप म्हणजे आमच्या दृष्टीने फार लहान समूह, हे मान्य. तरीही प्रशिक्षण ही कधीच न थांबणारी गोष्ट आहे असे जे सांगितले जाते ते खरे नाही, हे मी कामाच्या अनुभवावरूनही सांगू शकतो.

सांजवात

दोन्ही प्रतिसाद वाचून बरेच कळले. माझा प्रश्न साधा आहे. या कंपन्या जाहीर करतात, की आमची शंभर टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून येते. तसे असेल तर बंद पडलेल्या अणुभट्ट्या पुन्हा सुरू करण्याची आणि वायूच्या टर्बाइनसाठी रांगा लावण्याची वेळ त्यांच्यावर का आली?

कणाद

सांजवात, शंभर टक्क्यांचा तो हिशेब बहुधा वार्षिक असतो. वर्षभरात जितके युनिट वापरले तितके सौर किंवा पवन ऊर्जेचे युनिट कुठेतरी विकत घेतले, की वही जुळते. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता चिप चालू असते आणि सौर पट्टी झोपलेली असते. त्या वेळची वीज जवळच्या वायूच्या किंवा कोळशाच्या केंद्रातून येते. गूगलने २०२० मध्ये दर तासाला, त्याच जाळ्यावरची कार्बनमुक्त वीज जुळवण्याचे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले, तेव्हा वार्षिक हिशेबातली ही त्रुटी उघडपणे मान्य केली असे मी समजतो. तासाच्या हिशेबाने ते २०२४ मध्ये ६६ टक्क्यांच्या आसपास होते. उरलेला एक तृतीयांश हाच खरा कठीण भाग आहे.

अणुऊर्जेकडे ओढा त्यासाठीच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या पहिल्या क्रमांकाच्या अणुभट्टीची ८३५ मेगावॅट वीज २० वर्षे घेण्याचा करार केला. १९७९ चा अपघात तिथल्या दुसऱ्या भट्टीत झाला होता. पहिली भट्टी व्यवस्थित चालत होती आणि ती २०१९ मध्ये केवळ परवडत नाही म्हणून बंद झाली. अशा बंद पण धडधाकट भट्ट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, त्यामुळे हा मार्ग लवकर संपतो. पुढची आशा लहान आकाराच्या नव्या भट्ट्यांवर आहे. गूगल आणि कैरोस पॉवर यांच्या ऑक्टोबर २०२४ च्या करारात पहिली भट्टी २०३० पर्यंत आणि एकूण ५०० मेगावॅट २०३५ पर्यंत उभे करायचे ठरले आहे. वेळापत्रक पाळले गेले तरी ते पुढच्या दशकाचे उत्तर आहे.

मधल्या काळात सगळे वायूकडे धावतात. मोठ्या टर्बाइन बनवणाऱ्या जीई व्हर्नोव्हा, सीमेन्स एनर्जी आणि मित्सुबिशी या तीनच प्रमुख कंपन्या आहेत आणि त्यांच्या कारखान्यांतल्या जागा काही वर्षे आधीच भरलेल्या आहेत. म्हणून काहींनी ट्रकवरून आणता येणाऱ्या लहान टर्बाइन केंद्राच्या आवारातच उभ्या केल्या. त्या कमी कार्यक्षम असतात आणि धूर आजूबाजूच्या वस्तीत सोडतात. मेम्फिसमध्ये यावरून रहिवाशांनी मोठा विरोध केला आणि तो मला पूर्णपणे रास्त वाटतो. घाई कंपनीची आणि श्वास शेजाऱ्यांचा, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

सौर ऊर्जा आणि बॅटरी हीच आज सर्वांत लवकर उभी राहणारी जोडी आहे. चोवीस तास, बारा महिने तेवढ्यावर काढायचे म्हटले तर शेवटचे काही टक्के फार महाग पडतात, आणि नेमक्या तिथेच मुक्तछंद यांनी सांगितलेला मागे सरण्याचा मार्ग कामाला येतो. वर्षातले सर्वांत वाईट काही तास वगळता आले तर उरलेल्यासाठी लागणारी क्षमता बरीच कमी होते.

वाटाड्या

तिसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे खर्चावर, मी लिहितो. वीजदरांच्या सुनावण्यांत ग्राहकांची बाजू मांडण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे.

वीज कंपनी उपकेंद्र आणि वाहिन्या बांधते, त्यांचा खर्च पुढच्या तीस-चाळीस वर्षांत सर्व ग्राहकांच्या बिलांतून वसूल होतो. नवा मोठा ग्राहक खरोखर आला आणि टिकला, तर तोच खर्च जास्त युनिटांवर विभागला जातो आणि बाकीच्यांचे बिल हलके होऊ शकते. ही बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पण तो आलाच नाही, किंवा पाच वर्षांनी निघून गेला, तर रिकाम्या उपकेंद्राचा हप्ता घरगुती ग्राहक भरत राहतो. डेटा सेंटरच्या व्यवसायात एकच कंपनी एकाच प्रकल्पासाठी चार-पाच ठिकाणी अर्ज करून ठेवते आणि जिथे वीज आधी मिळेल तिथे जाते. नियोजन करणाऱ्याला मात्र पाचही अर्ज खरे धरावे लागतात.

हे किती फुगलेले असते त्याचे चांगले उदाहरण ओहायोत मिळाले. तिथल्या नियामकाने जुलै २०२५ मध्ये एईपी ओहायो या कंपनीसाठी डेटा सेंटरांचा स्वतंत्र दर मंजूर केला. २५ मेगावॅटहून मोठ्या नव्या केंद्राने जितकी क्षमता मागितली असेल तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे, वापर कमी झाला तरी, बारा वर्षांपर्यंत द्यायचे, आपली आर्थिक ताकद सिद्ध करायची आणि प्रकल्प सोडला तर बाहेर पडण्याचे शुल्क भरायचे, अशा त्यातल्या अटी आहेत. अटी आल्यावर रांगेतली मागणी सुमारे ३०,००० मेगावॅटवरून १३,००० मेगावॅटवर आली. एकही वीजकेंद्र न बांधता १७,००० मेगावॅटची गरज कागदावरून उतरली. ती कधी खरी गरज नव्हतीच.

याच्या उलट, अटी नसल्या तर काय होते ते पीजेएम या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या वीजबाजारात दिसले. १३ राज्ये आणि राजधानीचा प्रदेश या बाजारात येतात. तिथे भविष्यातल्या गरजेसाठी क्षमता राखून ठेवण्याचा लिलाव होतो. २०२४-२५ साठी त्याचा दर मेगावॅटमागे दिवसाला २८.९२ डॉलर होता. २०२५-२६ साठी तो २६९.९२ डॉलर झाला आणि त्यापुढच्या वर्षी ३२९.१७ डॉलर या ठरवलेल्या कमाल मर्यादेला जाऊन टेकला. जुनी केंद्रे बंद होणे आणि लिलावाचे नियम बदलणे ही कारणेही होती, पण बाजाराच्या स्वतंत्र निरीक्षकाने डेटा सेंटरांची प्रत्यक्ष आणि अंदाजित मागणी हे मुख्य कारण ठरवले. अंदाजित हा शब्द लक्षात घ्यावा. जी केंद्रे अजून उभी नाहीत त्यांच्यासाठीची किंमत लोक आज भरत आहेत.

सुनावणीत मी एका वृद्ध बाईंना स्वतःची वर्षभराची बिले क्रमाने लावून घेऊन आलेल्या पाहिले आहे. युनिट तेवढेच, रक्कम दर वेळी वाढलेली. त्यांनी प्रत्येक बिलावर पेन्सिलीने फरक लिहिला होता आणि तो कशाचा आहे एवढेच त्यांना विचारायचे होते. त्या दिवशी तिथे बसलेल्या कोणालाही त्यांना समजेल असे उत्तर देता आले नाही. खर्चाची विभागणी करारात आधीच स्पष्ट लिहिण्याचा माझा आग्रह तेव्हापासूनचा आहे.

मुक्तछंद

वाटाड्या यांच्याशी सहमत. तरीही एक अडचण मांडतो, कारण ती आमच्या बाजूची खरी अडचण आहे. चिप अतिशय महाग असतात आणि काही वर्षांतच जुन्या होतात, त्यामुळे त्या रिकाम्या बसल्या तर होणारे नुकसान विजेच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठे असते. म्हणून विजेचा दर वाढवून आमच्याकडून मागे सरण्याची अपेक्षा केली तर ती फळाला येणार नाही. कंपनी तो दर भरेल आणि काम चालू ठेवेल.

रोहित्र

मुक्तछंद, हा आक्षेप योग्य आहे आणि त्यामुळेच दराऐवजी वेळेचा सौदा करायला हवा असे मी म्हणतो. तुमच्या कंपनीला सर्वांत जास्त किंमत कशाची मोजावी लागते, तर बांधून तयार असलेली इमारत विजेची वाट पाहत राहण्याची. पक्की, अखंड जोडणी हवी असेल तर नवी वाहिनी होईपर्यंत थांबा. वर्षातले काही तास मागे सरायची तयारी असेल तर आहे त्या जाळ्यावर लवकर या, असे दोन पर्याय समोर ठेवले तर बहुतेक कंपन्या दुसरा निवडतील.

ते काही तास म्हणजे किती, याचे बऱ्यापैकी उत्तर ड्यूक विद्यापीठाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अभ्यासात आहे. जाळे वर्षातल्या सर्वोच्च मागणीसाठी बांधलेले असते आणि ती मागणी मोजक्याच तासांना येते. बाकीच्या वेळी बरीच क्षमता पडून असते. नव्या भाराने वर्षभराच्या वापरापैकी फक्त पाव टक्का सोडला, तर अमेरिकेतल्या आहे त्या वीजयंत्रणेत सुमारे ७६,००० मेगावॅट नवा भार सामावू शकतो, असा त्यांचा हिशेब आहे. पाव टक्का म्हणजे वर्षातले सरासरी ८५ तास, एका वेळी दोनएक तास, आणि त्यातल्या बहुतेक तासांना निम्म्याहून अधिक भार चालूच राहतो. या अभ्यासाने पारेषण वाहिन्यांची मर्यादा धरलेली नाही, त्यामुळे एखाद्या विशिष्ट उपकेंद्राला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दोन तासांसाठी लागणारी बॅटरी दारात असेल तर चिप थांबवायचीही गरज नाही. डिझेल जनित्रांनी हे काम करू नये. ती आणीबाणीपुरतीच असावीत.

टेक्सासने २०२५ च्या कायद्यात ७५ मेगावॅट आणि त्याहून मोठ्या नव्या भारांना आणीबाणीच्या वेळी कमी करता येण्याची सोय सक्तीची केली आहे. मला दिशा पटते. मात्र आणीबाणी जाहीर झाल्यावर भार तोडणे हा शेवटचा उपाय असतो. आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज पाहून ठरवून मागे सरणे चालकासाठी कितीतरी सोपे असते.

सांजवात

उत्तरांबद्दल आभार. एकाच गोष्टीचा उल्लेख राहिला असे वाटते. यंत्रे दिवसेंदिवस कमी विजेत तेच काम करू लागली आहेत. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले, की जेमिनी या त्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारलेल्या प्रश्नांपैकी विजेच्या वापरात मधोमध येणाऱ्या (मध्यक) लिखित प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज लागते आणि वर्षभरात तिच्यात मोठी घट झाली आहे. मग ही गरज आपोआप आटोक्यात येणार नाही का?

कणाद

त्या आकड्यात प्रारूप घडवताना लागलेली वीज धरलेली नाही, आणि लांबलचक विचार करून उत्तर देणाऱ्या किंवा चित्रफीत बनवणाऱ्या कामांना त्याच्या अनेक पट वीज लागते. शिवाय विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते, की वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागले तेव्हा कोळशाचा एकूण खप वाढला, कारण इंजिन अनेक नव्या ठिकाणी परवडू लागले. कार्यक्षमता हवीच. तिच्या भरवशावर वाहिनी बांधायची की नाही हे ठरवता येत नाही, एवढेच.

रोहित्र, शेवटचे विचारतो. करारात मागे सरण्याची अट लिहिली, व्होल्टेजचे खड्डे सोसण्याची अट लिहिली, खर्चाची अट वाटाड्या यांनी सांगितली तशी लिहिली. नियंत्रण कक्षात बसणाऱ्याच्या दृष्टीने आणखी काय उरते?

रोहित्र

परत येण्याची अट. तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

व्हर्जिनियात भार गेला तो आपोआप, पण परत आणताना प्रत्येक केंद्रात माणसाला हाताने जोडणी करावी लागली. हे एका अर्थाने बरेच झाले, कारण १,५०० मेगावॅट एकदम परत आले असते तर उलट दिशेने तेवढाच धक्का बसला असता. मागे सरण्याची व्यवस्था स्वयंचलित करायची असेल तर परतण्याचीही करावी लागेल, आणि साठ केंद्रांतल्या साठ संगणकांनी आणीबाणी संपल्याचा एकच संदेश वाचून एकाच सेकंदाला बटण दाबले तर आम्ही जिथून निघालो तिथेच येऊ. म्हणून प्रत्येक केंद्राला परतण्याचा क्रम, मिनिटाला किती मेगावॅट चढवायचे त्याची मर्यादा, आणि नियंत्रण कक्षातून थांब म्हटले तर थांबण्याचे बंधन, हे तिन्ही जोडणीच्या वेळीच ठरवून द्यावे. शिवाय चोवीस तास उचलला जाईल असा एक दूरध्वनी आणि त्या बाजूला निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस हवा. भट्टीच्या पाळीप्रमुखाचा क्रमांक आमच्या टेबलावरच्या काचेखाली लिहून ठेवलेला असे.